अर्धं वचन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागात तीन रात्री संजीवन सभा झाल्या. मांडव तिन्ही रात्री भरलेला. वक्ते बाहेरगावचे, आवाज भारदस्त, वचनं तोंडपाठ. विषय होता ‘परिपूर्ण जीवन’. तिसऱ्या रात्री सभा सुटल्यावर माझ्या शेजारी बसलेली बाई चटई गुंडाळता गुंडाळता थांबली. तिचा नवरा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. मला म्हणाली, “बाई, माझाच विश्वास कमी पडला का हो?”

हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहिते आहे. वक्त्यांचं नाव घेणार नाही. तसं बोलणारे ते एकटे नाहीत आणि माझं भांडण त्या शिकवणीशी आहे.

शिकवण अशी. देव राजा आहे, आपण राजाची लेकरं, आणि राजाची लेकरं भाड्याच्या खोलीत राहत नाहीत. आजार, कर्ज, रिकामी कूस, अडलेला व्हिसा हे सगळं चोरानं आपल्याकडून लुटून नेलेलं आहे. विश्वासानं मागा, तोंडानं ‘मिळालं’ म्हणा, दशांश हात आखडता न घेता द्या, दुपटीनं परत येईल. येत नसेल तर विश्वासात कुठंतरी खोट आहे. मी हे भरड करून सांगते आहे. तीन रात्रींत ते प्रार्थनेविषयी चार चांगली वाक्यंही बोलले असतील. पण माणसं घरी काय घेऊन गेली ते मी त्या चटईपाशी ऐकलं आहे.

त्यांचा सगळा आधार योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातल्या दहाव्या वचनावर होता. चोर येतो तो नाशासाठी, येशू आला तो विपुल जीवन देण्यासाठी, असा त्याचा आशय. वचन खरंच आहे. माझी तक्रार इतकीच, की ते फांदीवरून तोडून आणलेलं आहे.

पवित्र शास्त्राचे अध्याय योहानानं पाडलेले नाहीत, ती विभागणी तेराव्या शतकातली. म्हणून दहावा अध्याय वाचायचा तर नवव्याला धरूनच वाचावा लागतो. नवव्यात कोण आहे? एक जन्मांध भिकारी. त्याला पाहून शिष्यांनी जो प्रश्न विचारला तोच आमच्या मांडवात तीन रात्री घुमत होता: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं तो हिशेबच नाकारला. ना याचं, ना त्यांचं, असं स्पष्ट सांगितलं. मग मातीचा लेप लावून त्याला शिलोहच्या तळ्यावर डोळे धुवायला पाठवलं आणि त्याला दिसू लागलं. आमचे वक्ते गोष्ट इथंच संपवतील, टाळ्या होतील, आणि पाकिटं फिरतील.

योहान मात्र गोष्ट पुढे नेतो. दृष्टी आलेल्या त्या माणसाची परुश्यांनी उलटतपासणी केली. आईबापांना बोलावलं, तर तीही घाबरली. ‘तो मोठा आहे, त्यालाच विचारा’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांनी अंग काढून घेतलं. कारण येशूला ख्रिस्त मानणाऱ्याला सभास्थानाबाहेर काढायचं, असं आधीच ठरलेलं होतं. तो मात्र बधला नाही आणि शेवटी त्याला हाकलून दिलं. जन्मात पहिल्यांदा ज्यानं आईचं तोंड पाहिलं, त्याला लगोलग आईनं डोळे चुकवलेलेही पाहावे लागले. अशा माणसाला येशू शोधत गेला, आणि तिथूनच, विषय न बदलता, मेंढपाळाचं बोलणं सुरू झालं. विपुल जीवनाचं वचन म्हणजे सगळं गमावलेल्या माणसाचा पक्ष घेऊन, त्याला गमवायला लावणाऱ्यांना दिलेलं उत्तर आहे.

आता चोर कोण ते पाहा. वक्त्यांच्या मते सैतान, जो आमचे प्लॉट आणि पगारवाढी पळवतो. पण समोर उभे होते धर्माचे पुढारी, आणि यहेज्केल संदेष्ट्याचा चौतिसावा अध्याय त्यांना नक्की ठाऊक होता. त्यात मेंढरांचं दूध पिणाऱ्या, लोकर पांघरणाऱ्या, आणि दुबळ्या मेंढराकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मेंढपाळांना देवानं खडसावलं आहे. कळपाच्या जिवावर जगणारा तो चोर, असं हे वचन सांगतं. डायलिसिसचे पैसे जुळवताना मेटाकुटीला आलेल्या बाईपुढे पाकीट धरून हेच वचन म्हणताना माणसाची जीभ कशी अडखळत नाही?

आणि त्याच्या लगेच पुढच्या वचनात काय आहे, तर चांगला मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो. तीन रात्रींत ते वचन एकदाही आलं नाही.

पौलानं आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. फिलिप्पैकरांना आनंदाचं पत्र त्यानं तुरुंगातून लिहिलं. ईयोबाच्या मित्रांनी याच शिकवणीची वकिली केली होती, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला.

इथं मला एक जुनं भांडण काढावंच लागतं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यातून मंडळीत आले. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा त्यांनी जन्मभर ऐकला, वडिलांनी ऐकला, मी शाळेत शिकवायला लागल्यावर शिक्षकांच्या खोलीत ऐकला. दर वेळी मी सांगत आले, की भुकेल्याला भाकरी देणं हा गुन्हा नाही. आणि आजोबांना भाकरीपेक्षा मोठं काहीतरी मिळालं होतं, ते म्हणजे प्रभुभोजनाचा प्याला. ज्या माणसाच्या सावलीचा गावाला विटाळ, त्याच्या ओठांचा प्याला पुढचा माणूस न पुसता ओठांना लावत होता. मंडळीतही जात शिरली, हे मी नाकारत नाही, त्यावर मी वेगळी भांडले आहे. पण तो प्याला खरा होता. आता आमच्याच व्यासपीठावरून सांगितलं जातं, की या, इथं फायदा आहे. टोमणे मारणाऱ्यांना तीन पिढ्यांत जे सिद्ध करता आलं नाही, ते आमच्या माणसानं तीन रात्रींत कबूल करून टाकलं. याचा मला राग येतो, आणि तो आवरावा असं मला वाटत नाही.

वक्त्यांची मोजपट्टी एकदा पंडिता रमाबाईंना लावून पाहा. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या फेऱ्यात गेली, मग भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा गेला. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या गुरुजनांचं सगळं ऐकून घेतलं नाही, पत्रांतून कडाडून वाद घातला. ख्रिस्ती धर्म मिळाला तरी खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी वर्षं लागली, असं त्यांनीच पुढे साक्षीत सांगितलं. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. १९२१मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. कुठल्या दशांशात त्या चुकल्या? रेव्हरंड टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी सुमारे पाच वर्षांची ताटातूट पदरी आली. १९१७मध्ये तर मिशनचा पगारही त्यांनी आपण होऊन सोडला. या माणसांची जीवनं अपुरी होती, असं म्हणायची त्या वक्त्यांची तयारी आहे का? आमच्या मंडळ्यांत रविवारी गातात ती टिळकांची गीतं. मांडवातही गायली गेली.

मग परिपूर्ण जीवन कशाला म्हणायचं, असं कुणी विचारेल. माझ्यापाशी मोठी मांडणी नाही, एक शब्द आहे. ‘विपुल’ म्हणून जो शब्द आपण वाचतो, त्याच्या मूळ ग्रीक शब्दात भरून उरण्याचा अर्थ आहे. त्याच धातूचा शब्द योहानानं चार अध्याय आधी वापरला आहे, उरलेल्या तुकड्यांसाठी. एका पोरानं आपल्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या दिल्या, पाच हजार पुरुष जेवले, आणि बारा टोपल्या उरल्या. उरलं ते वाटून झाल्यावर. पोरानं शिदोरी छातीशी धरली असती तर त्याच्या एकट्याचं पोट भरलं असतं, एवढंच. मी जी भरलेली आयुष्यं पाहिली, ती अशीच होती. केडगावच्या रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलचं मराठी करत होत्या, आणि सदनातल्या मुलींच्या हातून ते छापलं जात होतं. त्या मुली दुष्काळातून हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या. आजार बरा व्हावा म्हणून मीही प्रार्थना करते, रोज करते. देव ती ऐकतो, असा माझा विश्वास आहे. त्याच्याकडून पावती मात्र मागत नाही.

त्या रात्री त्या बाईला मला पुरतं उत्तर देता आलं नव्हतं. “नाही गं, तुझा विश्वास कमी नाही,” एवढंच म्हणाले आणि चटईचं दुसरं टोक धरलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मंडळीतल्या आम्ही पाचजणी पाळीपाळीनं डबा नेतो, म्हणजे तिला नवऱ्यापाशी बसता येतं. मागच्या शुक्रवारी माझी पाळी होती. नवरा म्हणाला, बाई, पुढच्या वेळेपासून दोन भाकरी जास्त टाकाल का? पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांना डबा येत नाही.