जीव वाचला, जगण्याचे काय?

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाचा जीव रुग्णालयात वाचला, की आपली जबाबदारी संपली असे शासन समजते. कष्टकरी माणसाची खरी लढाई मात्र तेथूनच सुरू होते. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, पैसे मोजणे, मनातला शब्द ओठांवर आणणे, हे सारे त्याला पुन्हा शिकावे लागते.

ते शिकता येते, असे विज्ञान सांगते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. पण नियमित सरावाने शाबूत भाग त्याचे काही काम उचलतो. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. नेमक्या याच काळात आमचा माणूस वस्तीतल्या खोलीत खाटेवर पडून असतो. कुणी त्याला नशिबाचा भोग म्हणते, कुणी बाहेरची बाधा सांगते.

घरच्यांनीच व्यायाम करून घ्यावा, असा सल्ला दिला जातो. त्याचीही परीक्षा झाली आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांचा ‘अटेंड’ अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतले. तरी सहा महिन्यांनंतर मृत्यू व परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. म्हणजे बायकोची मजुरी आणि मुलीची शाळा बुडवून शासनाला हात झटकता येणार नाहीत.

आम्ही भीक मागत नाही. आजारपणात व अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार पुनर्वसन हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे काम आहे. मेंदूच्या आजाराने कायमची गेलेली वाचाही त्या कायद्यात अपंगत्व मानली आहे. दोन्हीकडे ‘आर्थिक क्षमतेनुसार’ ही पळवाट आहे. क्षमता नेहमी गरिबाच्याच वेळी कशी संपते?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचोपचारतज्ज्ञ नेमा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी त्यांना पाठवा. कार्यकर्त्यांनीही विहाराविहारांत रक्तदाब तपासणी सुरू करावी. कारण या आजाराचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे. श्वास चालू आहे म्हणजे माणूस जगतो आहे, असे आम्ही मानत नाही. स्वाभिमानाने स्वतःच्या हाताने जेवता येणे, हासुद्धा मुक्तीचाच प्रश्न आहे.