औषध बंद करा किंवा ठेवा, पण कारण सांगा

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होणे, हा मुख्यतः आपल्या अम्मी, खाला, नानी यांचा आजार. पाठ वाकते, मनगट मोडते आणि घरात म्हटले जाते, "वय झालं." म्हणूनच या आजाराच्या औषधावर वाद पेटला तरी तरुणांच्या कानावर येत नाही. तो यायला हवा.

स्ट्राँशियम रॅनेलेटची गोष्ट पाहा. सर्व्हिए या फ्रेंच कंपनीचे हे औषध युरोपात २००४ साली मंजूर झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी, पाण्यात कालवून घ्यायची पूड. पुढे रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकाराचे धोके समोर आले. जानेवारी २०१४ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या समितीने हिशेब मांडला. हजार रुग्णांनी वर्षभर औषध घेतले तर मणक्याची साधारण १५ नवी फ्रॅक्चर टळतात, पण खुब्याचे एकही पुरते टळत नाही, फक्त ०.४. उलट हृदयाचे ४ गंभीर आजार वाढतात आणि गुठळ्यांचे ४ प्रकार वाढतात. समिती म्हणाली, विक्री थांबवा.

पुढच्याच महिन्यात त्याच एजन्सीच्या दुसऱ्या समितीने सांगितले, राहू द्या. मात्र ज्यांना दुसरे औषध चालत नाही आणि ज्यांना हृदयविकार नाही अशांनाच द्या, आणि नियमित तपासणी करा.

मग २०१७ मध्ये औषध गेले. कोणी काढले? कंपनीने, व्यावसायिक कारणासाठी. आणि २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये तेच औषध दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा विक्रीला आले! म्हणजे शेवटचा निकाल रुग्णाच्या हृदयाने दिला नाही, हाडानेही दिला नाही. तो कंपनीच्या वहीने दिला.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. "औषध वाईट, बंदी घाला" असे व्हॉट्सअ‍ॅपवर ओरडणे सोपे आहे. पण ज्या बाईला दुसरे औषध सोसत नाही, तिचे काय? काही औषधे अचानक सोडणेही घातक असते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन मध्येच थांबले तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे "डॉक्टरांना सगळं कळतं" म्हणत गप्प बसणे हीही जबाबदारी झटकणेच आहे.

युरोपात निदान आकडे लोकांसमोर आले. आपल्याकडे औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २६अ केंद्र सरकारला धोकादायक औषधावर बंदी घालण्याचा अधिकार देते. अधिकार आहे, तर उत्तरही द्या. परदेशात एखाद्या औषधावर निर्बंध आले की ठरावीक मुदतीत जाहीर करा: इथे ते राहणार की जाणार, कोणासाठी आणि का. आणि हे मराठीत, उर्दूत सांगा. डब्यातल्या इंग्रजी कागदावरची मुंगीएवढी अक्षरे म्हणजे माहिती नव्हे.

दोस्तांनो, तुमचे कामही छोटे नाही. घरातल्या औषधांची नावे लिहून काढा. डॉक्टरांना विचारा: हे किती वर्षे घ्यायचे, धोका काय, पर्याय कोणता? स्वतःहून गोळी बंद करू नका. त्रास झाला तर २०१० पासून चालणाऱ्या राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे नोंदवा. रुग्णालाही तो हक्क आहे, फक्त डॉक्टरांना नाही.

नोंदच नसेल तर उद्या निर्णय घेणारे म्हणतील, आमच्याकडे तक्रारच नव्हती. त्यांना ही सबब मिळू देऊ नका.