सात दिवसांची हरकत आणि बारा महिन्यांचं झाड

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय तुमच्या गल्लीतल्या झाडाचा आहे, तेव्हा वाचाच.

आपल्याकडे झाड पाडायचा अर्ज आला की वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहिरात येते, बुंध्यावर एक कागद डकवला जातो आणि तुम्हाआम्हाला हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. सात! मंगल कार्यालय ठरवायला आपण सहा महिने हिंडतो. ऐंशी वर्षांच्या झाडाचा निकाल मात्र आठवड्यात. माझं म्हणणं सरळ आहे. झाड आठवड्यात कळत नाही, त्याला किमान एक वर्ष लागतं. आणि ज्याने ते वर्षभर पाहिलं नाही, त्याने ‘वठलेले’, ‘धोकादायक’ असे शेरे मारू नयेत.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी मूळचा तालुक्याच्या गावचा. पत्रकारितेचा डिप्लोमा करायला पुण्यात आलो आणि कसब्यातच राहिलो. पेठेत झाड बघायचं म्हणजे देवळाच्या पारावरचा पिंपळ, नाहीतर पडक्या वाड्याच्या भिंतीतून निघालेला उंबर. म्हणून गेली चार वर्षं महिन्यातून एकदा मी एम्प्रेस गार्डनला जातो. पुलगेटपर्यंत बस, पुढे पायी. एकोणचाळीस एकरांची ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. इंग्रजांच्या काळात आधी ही सोल्जर्स गार्डन होती, पुढे व्हिक्टोरिया राणीच्या किताबावरून एम्प्रेस झाली.

बहुतेक पुणेकर तिथं एकदाच जातात, जानेवारीत, सव्वीस तारखेच्या आसपासच्या पुष्पप्रदर्शनाला. कुंडीतल्या शेवंतीबरोबर फोटो काढतात आणि घरी येतात. जायला हरकत नाही, प्रदर्शन चांगलंच असतं. पण ती बाग कुंड्यांची नाही, झाडांची आहे. झाडांची बाग एका दिवसात बघणं म्हणजे पंचांगाचं एक पान वाचून वर्षाचं भविष्य सांगणं.

जानेवारीत सावरीच्या अंगावर एक पान नसतं. काटेरी खोड आणि आडव्या फांद्या, बस्स. अनोळखी माणूस तिला मेलेलीच म्हणेल. फेब्रुवारीत तीच सावर लालभडक फुलते आणि साळुंक्यांचा कालवा सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडतो. महागनी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळी पानं टाकून देते आणि काही दिवसांत नवी लेवून उभी राहते. बहावा आणि ताम्हण ऐन उन्हात फुलतात, जेव्हा आपण ‘बागेत काय आहे आता बघण्यासारखं’ म्हणून घरात कूलरसमोर बसलेलो असतो. आषाढ-श्रावणात कदंबाचे चेंडू. दिवाळीच्या सुमाराला सातवीण, संध्याकाळी वास आधी येतो, झाड नंतर सापडतं. उंबराला तर ऋतूच नाही. कधीही जा, कुठला ना कुठला उंबर पिकलेला असतो आणि वर जेवणावळ चालू असते.

त्या जेवणावळीत एक पाहुणा असतो, राखी धनेश. माझा सगळा वाद या पक्ष्यापाशी येऊन थांबतो. धनेश घरटं बांधत नाही. त्याला जुन्या, मोठ्या झाडाची ढोली लागते. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत ती पिसं टाकते, म्हणजे उडूही शकत नाही. नर उंबर-वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. असे कित्येक आठवडे ती कोंडून घेतलेली असते, साधारण एप्रिल ते जून.

आता आठवा, शहरात पावसाळापूर्व छाटणी कधी चालते? एप्रिल-मेमध्ये! आणि पहिली कुऱ्हाड कुणावर? ‘बुंधा पोकळ आहे’ म्हणून जुन्या झाडावर. ज्या पोकळीला आपण रोग म्हणतो ती कुणाचं तरी बाळंतघर असते. बरं, पोकळ म्हणजे मेलेलं असंही नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, मधलं लाकूड गेलं तरी झाड वर्षानुवर्षं जगतं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाला बुरशी लागली म्हणून त्याचा मूळ बुंधा 1925 साली काढून टाकला. वड आजही पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतोच आहे.

आता पेठेतली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका वाड्याच्या पुनर्विकासात अंगणातला कडुलिंब आडवा आला. फेब्रुवारीचा शेवट. कडुलिंब पानगळीत होता, जसा तो दरवर्षी असतो. पाहणी करणाऱ्या माणसाने मान वर केली, फांद्या उघड्या दिसल्या, कागदावर लिहिलं ‘वठलेले’. सात दिवस सरले. आम्ही चौघे अर्ज घेऊन पोहोचलो तेव्हा ओंडके टेम्पोत चढत होते. कापलेल्या तोंडाशी ओल होती. वठलेल्या झाडाला ओल? पुढं पाडवा आला आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी लोक कडुलिंबाचा डहाळा विकत घेत होते. महिनाभर थांबले असते तर तेच झाड कोवळ्या पालवीने आणि मोहराने भरलेलं दिसलं असतं. चैत्रात जे झाड आपण देवाला वाहतो, ते माघात आपल्याला ओळखू येत नाही!

लोक म्हणतात, कायदा आहे की. आहे. महाराष्ट्रात 1975 पासून शहरी झाडांच्या जतनाचा कायदा आहे. 2021 मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ हा दर्जा आला. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची आणि सात वर्षं सांभाळायची असंही ठरलं. ऐकायला झकास. पण हिशोब करून बघा. ऐंशी वर्षांचं झाड गेलं, ऐंशी रोपं आली. कसब्यात ऐंशी रोपांना जागा कुठाय? ती लागणार कुठल्यातरी टेकडीच्या उतारावर. आणि त्या ऐंशींपैकी एकातही धनेशाला शिरता येईल अशी ढोली पुढची पन्नास वर्षं होणार नाही. आजोबांच्या बदल्यात ऐंशी तान्ही बाळं दिली म्हणून घरात आजोबा आले असं होतं का?

आता दुसरी बाजू. मला विचारतात, ‘तुम्ही जुन्या वाड्यात पावसाळा काढलाय का? लोकांनी घरं बांधायची नाहीत का?’ काढलाय साहेब, घमेली मांडून काढलाय. पेठेतल्या माणसाला पक्कं घर हवं, याबद्दल वादच नाही. फांदी डोक्यात पडून माणूस मरतो, हेही खरं. खरोखर धोक्याची फांदी लगेच कापा, आडवं येणार नाही कुणी. पण घाईची फांदी दाखवून सोयीचं अख्खं झाड नेऊ नका. आणि पुनर्विकासाची फाइल दोन-दोन वर्षं फिरते, तेव्हा घाई कुणालाच नसते. झाडाची पाळी आली की एकदम सात दिवस!

या शहराची सवयच अशी. तुळशीबागेत आपण बांगड्या आणि कुकर घेतो, रमणबाग म्हटलं की शाळा, बेलबाग म्हटलं की देऊळ. नावात बाग उरली, मातीत नाही. एम्प्रेस गार्डनची काही एकर जागासुद्धा सरकारी निवासस्थानांसाठी घ्यायचा घाट मध्यंतरी घातला गेला होता, तेव्हा लोक विरोधात उभे राहिले. 2023 च्या एप्रिलमध्ये नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकर ‘चलो चिपको’ म्हणत भर उन्हात रस्त्यावर उतरले. म्हणजे माणसं आहेत. पण दरवेळी कुऱ्हाड दिसल्यावरच धावायचं का?

म्हणून माझ्या तीन मागण्या :

1. पन्नास वर्षांपुढच्या कुठल्याही झाडावर ‘वठलेले’ हा शेरा एका पाहणीवर मारू नये. एक पाहणी पानगळीत, एक पावसाळ्यात, दोन्हींचे तारखेसह फोटो फाइलला असावेत.

2. एप्रिल ते जून ढोलीच्या झाडाला हात लावण्याआधी पक्षी जाणणाऱ्या माणसाकडून ढोली तपासून घ्यावी. तातडीचा धोका असेल तर तेवढीच फांदी काढावी.

3. वृक्ष प्राधिकरणाच्या प्रत्येक सदस्याने वर्षातून चार वेळा, चार ऋतूंत, एम्प्रेस गार्डनमध्ये एक फेरी मारावी. तिकीट मी काढतो. सध्या तरी तिथं साहेब लोक दिसणं म्हणजे उंबराचं फूल.

पहिल्या दोन मागण्यांचं निवेदन तयार आहे, सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये पेठेचं नाव लिहा. आणि तुमच्याकडून एकच काम हवंय. घराजवळचं एक झाड निवडा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा एक फोटो काढून ठेवा. बारा फोटो होतील. उद्या त्याच्यावर कागद डकवला गेला, तर सात दिवसांत पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न पडणार नाही.