गावाची इमारत कुणाला विचारून?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी-सास्तूर परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगडांखाली गाडले गेले. तेव्हापासून आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘पक्के’ म्हणजे सिमेंट आणि स्लॅब, असा अर्थ ठरून गेला. दोष दगडाचा नव्हता, मातीचाही नव्हता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. गळती थांबवायला माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीचे ओझेही वाढत गेले होते.

हे गावोगाव समजावून सांगितले ते बायकांनी. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या कितीतरी जणी ‘संवाद सहायक’ झाल्या. माळवदावरची माती कमी करा, कोपरे बांधून घ्या, भिंतीत सलग पट्टा फिरवा, असे त्या इंजिनिअरइतक्याच ठामपणे सांगत. २००१ च्या भूकंपानंतर इथल्या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांनाही भेटून आल्या.

ही झाली घरांची गोष्ट. पण ग्रामपंचायत, अंगणवाडी किंवा समाजमंदिर बांधायचे म्हटले की याच बायकांना कोणी विचारत नाही. ७३ वी घटनादुरुस्ती त्याच १९९३ साली लागू झाली. २०११ पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा आपल्या आहेत. तरी नकाशा वरून तयार होऊन येतो आणि सरपंचबाई फक्त सही करतात. (कित्येकदा कुठे सही करायची तेही घरातला पुरुषच दाखवतो!)

मग इमारत उभी राहते ती कशी? पश्चिमेला मोठ्या खिडक्या, वर उघडा स्लॅब. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अंगणवाडीत पोरे बसवत नाहीत. ग्रामपंचायतीला ओसरी नसते, म्हणून दाखल्यासाठी आलेली बाई उन्हात उभी राहते. संडास असतो, पण कुलपात, आणि पाणी नसतेच. ‘पर्यावरणपूरक वास्तू’ या विषयावर शहरात चर्चासत्रे होतात. आपल्याकडे त्याचा अर्थ साधा आहे: जाड भिंत, खोल ओसरी, झाडाची सावली, हवा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या. हे सगळे जुन्या वाड्यांत होतेच. आता त्याला भूकंपाला टिकणारी बांधणी जोडायची आहे.

आणि पाणी. सिमेंटवर दिवसचे दिवस पाणी मारावे लागते. टंचाईच्या गावात ते कुणाच्या डोक्यावरून येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. उलट १०० चौरस मीटर छपरावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७० हजार लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी टाकीत साठवले, तरी संडासाला कुलूप लावायचे कारण उरत नाही. पण अंदाजपत्रकात टाकी धरलेलीच नसते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. गटातल्या मैत्रिणींनी येत्या सभेत मंजुरीआधीच नकाशा मागावा. इंजिनिअरला गावात बोलवावे, आखणी जमिनीवर फक्कीने करून घ्यावी आणि त्या रेघांत स्वतः उभे राहून बघावे. ओसरी किती खोल, संडासाचे दार कुठे उघडते, तान्हे मूल कुठे निजवायचे, हे कागदापेक्षा तिथे लवकर कळते. बिगारी म्हणून पाट्या उचलणाऱ्या बायांना गवंडीकाम आणि गवंड्याची मजुरी मिळणार का, हेही तिथेच विचारावे. काय उत्तर मिळाले ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.