दोष कोणाचा?

परवा एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. खुर्चीवर टेकण्याआधीच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हिला दिवस राहतात, पण टिकत नाहीत. तीनदा झालं. मी बजावलं होतं, जिना चढू नकोस, पपई खाऊ नकोस!" सून खाली मान घालून बसली होती.

भगिनींनो, ती खाली गेलेली मान मला फार लागली. म्हणून आधी हेच सांगते. रोजचे घरकाम, नोकरी, जिन्याची चढउतार यांनी वारंवार गर्भपात होत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. तो बहुधा गर्भधारणेच्या वेळीच घडलेला असतो. त्यात कोणाचा अपराध नसतो.

एखादा गर्भपात पुष्कळजणींना होतो. ओळीने तीन होणे मात्र शंभरांत साधारण एका जोडप्याच्या वाट्याला येते. दोनदा झाले, तरी तपासणी करून घ्यावी. थायरॉईड, रक्तातील साखर, रक्त गोठण्याचा दोष आणि सोनोग्राफीत गर्भाशयाची ठेवण पाहतात. अँटिफॉस्फोलिपिड नावाचा रक्तदोष निघाला, तर ॲस्पिरिनची लहान मात्रा आणि हेपॅरिनची इंजेक्शने यांचा चांगला उपयोग होतो. ही औषधे मनाने मात्र घेऊ नयेत.

चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भ निसटतो, तेव्हा गर्भाशयाचे तोंड कमकुवत असू शकते. त्यावरचा टाका मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ साली जगापुढे मांडला. आजही तो जगभर 'शिरोडकर टाका' म्हणूनच ओळखला जातो.

"मग हिलाही टाका घालून टाका!" सासूबाई म्हणाल्या. पण सुनेचे तिन्ही गर्भ अडीच महिन्यांच्या आत गेले होते. तिथे टाक्याचे काम नव्हते. मी विचारले, "यजमान कुठे आहेत?"

"कामावर. त्याचा काय संबंध?"

"गुणसूत्रे दोघांची असतात, आजी. पुढच्या खेपेस त्यांनाही आणा."

सुनेने प्रथमच मान वर केली.

पुष्कळदा सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. तरी निराश होऊ नये. अशा बऱ्याच जणींची पुढची खेप सुखरूप पार पडते.

एक विनंती. फराळाला आलेल्या लेकीसुनांना "यंदा काही विशेष?" असे विचारण्याआधी घटकाभर थांबा. न जन्मलेल्या बाळासाठी कोणी समाचाराला येत नाही. दुःख मात्र असतेच.