फलक बदलला म्हणजे शाळा सुधारते काय?

हल्लीं आमच्या शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांत एक नवाच ज्वर पसरला आहे. दहावीपुढील दोन वर्षांकरितां आपल्या शाळेनें मुलें कोणत्या परीक्षेस बसवावीं, राज्यमंडळाच्या बारावीस, दिल्लीच्या केंद्रीय मंडळाच्या परीक्षेस, कीं जिनीव्हाच्या डिप्लोम्यास, हा तो प्रश्न होय. प्रश्न महत्त्वाचा आहे हें कोण नाकारील? परंतु तो सोडविण्याची रीत पाहिली म्हणजे खेद वाटल्यावांचून राहत नाहीं. प्रस्तुत लेखकास अशा एका सभेस बसण्याचा योग आला होता. सभा दोन तास चालली. शुल्क किती वाढवितां येईल, शेजारच्या संस्थेनें काय केलें, फलकावर कोणतें नांव शोभेल, या सर्वांचा यथास्थित खल झाला. पण हा अभ्यासक्रम शिकविणार कोण आणि तो शिकून मुलें जाणार कोठें, हे दोन प्रश्न कोणाच्याही ओठीं आले नाहींत.

प्रत्येक परीक्षा कोणत्या तरी गरजेंतून जन्मास येते. ती गरज आपली आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. केंद्रीय मंडळाची मूळ संस्था १९२९ सालीं राजपुतान्यासाठीं निघाली. १९६२ सालीं तिची पुनर्घटना झाली, ती ज्यांच्या वरचेवर बदल्या होतात अशा केंद्रसरकारी नोकरांच्या मुलांची आबाळ होऊं नये, या मुख्य हेतूनें. १९५८ सालचें कौन्सिल केंब्रिजच्या परीक्षेची जागा घेण्यासाठीं निर्माण झालें. १९६८ सालीं जिनीव्हांत स्थापन झालेल्या संस्थेच्या डोळ्यांपुढें देशोदेशीं फिरणाऱ्या वकिलातींच्या व जागतिक संस्थांच्या नोकरांचीं मुलें होतीं. हे सर्व हेतु आपापल्या ठिकाणीं स्तुत्य आहेत. परंतु आमच्या तालुक्याच्या गांवीं असे वकील किती राहतात? येथला शेतकरी, येथला शिंपी, येथला एस. टी.चा वाहक यांच्या मुलांसाठीं १९६५ च्या कायद्यानें राज्यमंडळ स्थापन झालें आहे. त्याचे दोष पुष्कळ आहेत. पण तें आपलें आहे, आणि म्हणूनच त्याचे दोष काढून टाकण्याची जबाबदारीही आपली आहे.

प्रतिपक्षाचा बिनतोड समजला जाणारा मुद्दा असा कीं, वैद्यकीची 'नीट' व अभियांत्रिकीची 'जेईई' या परीक्षांची मदार केंद्रीय पुस्तकांवर आहे. या म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु गवगवा होतो तेवढें नाहीं. राज्यानें अकरावीचीं पुस्तकें २०१९ सालीं व बारावीचीं २०२० सालीं नवीं काढलीं. राज्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयें ज्या सीईटीवर मुख्यतः प्रवेश देतात, ती परीक्षा राज्याच्याच अभ्यासक्रमावर बेतलेली आहे. शिवाय वर्गांतील सारींच मुलें कांहीं डॉक्टर व इंजिनिअर होणार नाहींत. कला व वाणिज्य शाखांकडे जाणाऱ्या मुलांनीं इतरांच्या प्रवेशपरीक्षेपायीं आपला अभ्यासक्रम कां बदलावा?

खरा रोग निराळाच आहे. मुलाचें नांव विद्यालयांत आणि देह खासगी क्लासांत, ही आमच्या अकरावी-बारावीची अवस्था आहे. २०१८ सालीं विज्ञानशाखेच्या हजेरीसाठीं बोटांचे ठसे घेणारीं यंत्रें बसविण्याचा हुकूम सरकारला काढावा लागला, यापरतें या शिक्षणावर दुसरें टीकाभाष्य तें कोणतें? मंडळ बदलल्यानें हा रोग जाईल असें कोणी समजत असेल, तर त्यानें २०२४ सालची हकीकत आठवावी. त्या वर्षीं खुद्द केंद्रीय मंडळानें दिल्ली व राजस्थान येथील २१ शाळांची मान्यता याच अपराधाबद्दल काढून घेतली. वर्गांत मुलें बसत नाहींत म्हणून वर्गाचें नांव बदलणें म्हणजे विहीर आटली म्हणून रहाट रंगविण्यासारखें आहे.

जिनीव्हाच्या डिप्लोम्याबद्दल आमच्या मनांत आदर आहे. त्या परीक्षेंत प्रत्येक मुलास स्वतः विषय निवडून चार हजार शब्दांपर्यंतचा प्रबंध लिहावा लागतो, आणि आपणांस जें ठाऊक आहे तें कशावरून ठाऊक आहे याचाही विचार करावा लागतो. ही पद्धत उत्तम आहे. पण आमच्या शाळेंत मुलांकडून असा प्रबंध लिहवून घेण्यास कोणत्या मंडळानें बंदी केली आहे? आपल्या गांवच्या धरणावर, बाजारावर किंवा बोलीवर मुलानें मराठींत प्रबंध लिहावा, यास मान्यतापत्र लागत नाहीं. लागतो तो तपासणारा शिक्षक. आणि संस्था तर त्याला घड्याळी तासांवर नेमून मोकळी होते.

राहतां राहिला भाषेचा प्रश्न. २०२० च्या कायद्यानें मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली, पण ती दहावीपर्यंतच. पुढें राज्यमंडळाच्या बारावींतसुद्धां तिच्या जागीं माहिती तंत्रज्ञान घेतां येतें, ही आपल्या मंडळालाच लाज आणणारी गोष्ट आहे. मुंबई विश्वविद्यालयाच्या १८५९ सालच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेंतून वर आलेल्या न्यायमूर्ति रानड्यांस, त्याच विश्वविद्यालयानें वरच्या परीक्षांतून घालवून दिलेल्या मराठीस परत आणण्यासाठीं आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावें लागलें. तेव्हां ती परक्या सरकारच्या अमदानींत गेली होती. आतां मराठी माणसांच्याच संस्था ठराव करून तिला निरोप देत आहेत.

ज्या शाळेंत खरोखरीच बदलीवाल्यांचीं मुलें शिकतात तिनें खुशाल केंद्रीय परीक्षा घ्यावी. तीस आमचा विरोध नाहीं. इतर संस्थांच्या चालकांस एवढेंच विनवितों कीं, पुढील सभेंत प्रथम दोन याद्या वाचून दाखवाव्या: गेल्या पांच वर्षांत आपलीं मुलें बारावीनंतर कोठें गेलीं याची एक, आणि आपल्याकडे पूर्ण वेतनावर किती शिक्षक आहेत याची दुसरी. त्या ऐकल्यावरही फलक बदलावासा वाटला, तर अवश्य बदलावा. पण त्या याद्या तयारच नसतील, तर सभा तहकूब करून आधीं त्या तयार कराव्या.