कॅसेट फेकू नका, आवाज दाबू नका

तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते, त्या रात्री पिठलं-भाकरी उरकली की कुठल्या ना कुठल्या राहुटीत भजन उभं राहतं. तीस-चाळीस टाळ एका ठेक्यात पडतात तेव्हाचा झणकार छातीत जाणवतो. लोक मोबाइल उंच धरून टिपतात. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो, तिथून कुणी उतरवून कापतो, रील करतो, रीलवरून पुन्हा स्टेटस. चौथ्या हातात पडेस्तोवर टाळ गेलेले असतात. पत्र्यावर बारीक वाळू सांडल्यासारखी सरसर तेवढी उरते.

फाइल दर टप्प्याला दाबली जाते, त्याचा हा परिणाम. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात, तेही डावे-उजवे वेगळे. मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी ज्यावर मोठं काम केलं, ती पद्धत म्हणजे एमपी३. हे नाव तिला १९९५ साली मिळालं. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटला, तेच मिनिट १ एमबीत बसतं. युक्ती कानाच्या स्वभावावर आहे: ढोलकीची थाप जोरात पडली की तिच्या आसपासचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? हिशेब चोख आहे. पण फारच दाबलं की ऐकू येणारंही जायला लागतं. पहिला फटका टाळ, चिपळ्या आणि हलगीला बसतो, कारण त्यांचा आवाज एकदम फुटतो आणि उंच पट्टीत पसरतो.

उगाच सोवळंही नको. २५६ किंवा ३२० ला नीट केलेली एमपी३ आणि सीडी यांतला फरक मला डोळे मिटून सांगता येत नाही. छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघतो. ट्रॅक्टरवर, एसटीत ऐकायला एमपी३ उत्तम. फक्त ती मूळ प्रत समजू नका. आणि १२८ ची फाइल ३२० करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आपल्या केडगाव-यवतकडे गुऱ्हाळं काय कमी आहेत? चरकातून निघालेलं चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस वाढत नाही.

एकदा दाबून गेलेला आवाज परत येत नाही, हे मला महागात पडून कळलं. माझ्या आत्याने जात्यावर बसून गायलेल्या ओव्यांची साठ मिनिटांची कॅसेट होती. एका दुकानात ती कॉम्प्युटरवर घ्यायला दिली. फाइल मिळाली १४ एमबीची; जे ६०० एमबीचं काम, ते एवढ्याशात. कॅसेट दुकानदाराने टाकून दिली होती आणि मीही मागितली नव्हती. आता आत्याचे शब्द कळतात, पण जातं गेलं. त्याची घरघर सगळ्या पट्ट्यांत सारखी पसरलेली. ती थोडक्यात साठवणं फार अवघड, म्हणून तिथे पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येतो. ओवीचा ताल त्या घरघरीतच होता.

ज्यांनी हे जाणलं त्यांचं काम बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह उभा केला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं, तेही न दाबता, डॅट या डिजिटल टेपवर. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. आपल्या शिरूरच्या सविंदण्याच्या बायकाही त्यात आहेत.

पण सगळ्यांच्या दारात संशोधक येत नाहीत. कवठे येमाईच्या बी. के. मोमीन कवठेकरांची गाणी, चौफुल्याची बारी, गावच्या जत्रेतला वग, आजोबांचं भारूड, हे कुणी ना कुणी टेपवर धरून ठेवलेलं आहे, आणि ते बहुधा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहे.

स्टुडिओ लागत नाही. चालू टेपरेकॉर्डर, एक वायर, कॉम्प्युटर आणि ऑडॅसिटी हे फुकटातलं सॉफ्टवेअर पुरतं. आधी टेपचं हेड कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मळलेलं हेड एमपी३पेक्षा जास्त आवाज खातं. टेप अडकली तर ओढू नका, फिती तशाच उचलून दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात. स्पीकरसमोर मोबाइल धरून टिपू नका, वायरनेच घ्या. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. सरसर कमी करायचं बटण दाबायचा मोह होईल. आधी जसंच्या तसं घ्या, साफसफाई वेगळ्या प्रतीवर करा. साठवताना ‘वेव्ह’ ही न दाबलेली फाइल निवडा. जागा कमी असेल तर ‘फ्लॅक’: त्यात फाइल बरीच लहान होते, पण आवाजातला एक कणही जात नाही. साठ मिनिटांच्या पन्नास कॅसेटी ‘वेव्ह’मध्ये ३० जीबीत मावतात. एवढी जागा आज लग्नाच्या एका व्हिडिओला लागते.

दोन प्रती करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. पेनड्राइव्हच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसं पाठवलेलं दाबलं जात नाही. व्हॉइस नोट बोलण्यासाठी आहे, गाण्यासाठी नाही.

आणि दुकानात द्याल तर आधी दोन गोष्टी बोलून घ्या: ‘वेव्ह’ फाइल हवी, आणि कॅसेट परत हवी.